मालवण अभयारण्यातली हौशी गळमासेमारी: आधी हद्द दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरून समुद्र निवळला की मालवण, तारकर्ली, देवबाग भागात रॉड-रील घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींची वर्दळ सुरू होते. दिवसभरासाठी होडी ठरवायची, कोकर, डगोळ, इसवण, तांबोशी आणि नशीब जोरावर असेल तर चोणक गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि पुष्कळदा मासा परत सोडायचा. ‘आम्ही सोडूनच देतो, मग अभयारण्याला आमचा त्रास काय?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. त्याचे उत्तर थोडे कायद्यात आहे आणि थोडे माशाच्या पोटात.

मालवण सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झाले. एकूण क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर. त्यातला 3.182 चौरस किलोमीटर हा गाभा. सिंधुदुर्ग किल्ल्याचे कुरटे बेट, पद्मगड आणि भोवतालची बुडीत खडपे त्यात येतात. उरलेले 25.94 चौरस किलोमीटर बफर. गाभ्यात बंदी आणि बफरमध्ये मोकळीक, असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या दृष्टीने दोन्ही अभयारण्यच. कलम 29 अभयारण्यातला वन्यजीव नष्ट करायला, त्याचा वापर करायला, तो काढून न्यायला आणि त्याच्या अधिवासाची हानी करायला मनाई करते. परवानगी मिळू शकते ती वन्यजीवांच्याच भल्यासाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी, करमणुकीसाठी नव्हे. पाच मिनिटांनी सोडलेला मासा ‘काढून नेला’ म्हणायचा की नाही, यावर वकील खुशाल भांडोत. कर्नाटकात कावेरी वन्यजीव अभयारण्यातल्या भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमकळी इथल्या महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाच्या गळछावण्या याच कायद्यावर बोट ठेवून बंद झाल्या. तिथेही मासा सोडलाच जात होता.

मच्छीमारांचे तसे नाही. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताचे रक्षण व्हावे, असे कलम 26अ स्पष्ट म्हणते. ‘रापणवाल्यांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांना) चालते, मग आम्हाला का नाही?’ याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. पोटासाठीची मासेमारी कायद्याने लक्षात घेतली आहे, हौसेसाठीची नाही.

आता मासा. गोबरा, तांबोशी यांच्या पोटात हवेची बंद पिशवी असते. घोळीच्या बाबतीत तिलाच भोत म्हणतात. 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून मासा भराभर वर ओढला की ती हवा तिप्पट फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बटबटीत होतात. असा मासा ‘सोडला’ तरी खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर उलटा तरंगतो आणि घारी-समुद्रगरुडांचे खाद्य होतो. तोंडातून आलेला फुगा सुईने फोडणे हा तर अडाणीपणाच, कारण ते जठर असते, हवेची पिशवी नव्हे. सोपा उपाय असा: खालच्या जबड्याला वजनाची क्लिप लावून मासा पुन्हा खोलवर नेऊन सोडायचा. हे साधन होडीत नसेल तर 20 मीटरच्या पुढे तळाला जिगिंग (वजनदार आमिष झटक्यांनी खाली-वर नाचवणे) करू नये. इसवणीला ही पिशवी नसते, म्हणून हा त्रास नाही. पण तिला श्वासासाठी सतत पोहावे लागते. फोटोसाठी दोन मिनिटे हातात धरलेली इसवण पाण्यात गेली तरी बहुधा वाचत नाही.

किल्ल्यामागचे पाणी उथळ आहे, तिथे दाबाचा प्रश्न कमी. तिथले नुकसान वेगळे. जिग किंवा लुअर (कृत्रिम आमिष) खडपात अडकला की ओढाओढी होते, ब्रेडेड (विणलेली) दोरी करवतीसारखी प्रवाळावर घासते, शेवटी तुटते आणि शिशाच्या वजनासकट तिथेच राहते. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंगतीला. शिवाय त्याच पाण्यात पर्यटक तोंड पाण्यात घालून स्नॉर्केलिंग करत असतात. दोन ट्रेबल हूक (तिहेरी गळ) लावलेला पॉपर (पाण्यावर ओढायचे आमिष) म्हणजे सहा टोके. त्यातले एक माणसाच्या गालात रुतायला फार काही लागत नाही. (स्नॉर्केलिंगवाल्या होड्यांचे नांगर काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

मोठ्या माशाचा सोस हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा आहे. चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा, जन्माला नर म्हणून येतो आणि साधारण 80 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान मादी होतो. गोबऱ्याचे उलटे: आधी मादी, मोठा झाला की नर. म्हणजे फोटोतला दांडगा चोणक जवळपास नक्की अंड्यांची मादी, आणि दांडगा गोबरा त्या खडपावरच्या मोजक्या नरांपैकी एक. ‘लहान सोडतो, मोठा तेवढा घरी नेतो’ हा नियम या दोन माशांना नेमका उलटा बसतो.

म्हणून मागणी साधी आहे. पूर्ण 29.122 चौरस किलोमीटरमध्ये हौशी गळ बंद असावा. सिंधुदुर्गाची किनारपट्टी सुमारे 121 किलोमीटरची आणि 12 सागरी मैल म्हणजे 22 किलोमीटर. या हिशेबात अभयारण्य राज्याच्या इथल्या समुद्राचा जेमतेम एक टक्का भरते. उरलेला समुद्र हौसेला पुरेसा आहे. अडचण अशी की गाभ्याची ईशान्य हद्द मालवण बंदरापासून सुमारे 50 मीटरवरच आहे. जेटी सोडली की ट्रोलिंगसाठी (चालत्या होडीमागे आमिष ओढण्यासाठी) दोऱ्या टाकायची सवय असलेला माणूस कायदा मोडतो, ते त्याच्या गावीही नसते. होडीला निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क कायदाच देतो, त्यामुळे वाट अडवायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर 2004 मध्ये संपूर्ण मासेमारीबंदीचे क्षेत्र सुमारे 33 टक्क्यांवर नेले, तेव्हाही हा प्रश्न होताच. तिथे बंदीच्या हिरव्या पट्ट्यातून रॉड घेऊन जाता येते, पण दोरी पाण्याबाहेर आणि सामान आवरून ठेवलेले हवे. मर्यादित मासेमारीच्या पिवळ्या पट्ट्यात माणशी एक दोरी आणि एक गळ. हे नियम होडीवाल्याला एका दमात सांगता येतात, म्हणून पाळले जातात.

हद्दीबाहेर जाणाऱ्यांनी ट्रेबल हूक काढून एकेरी गळ लावावा आणि त्याचा उलटा काटा (बार्ब) पकडीने दाबून सपाट करावा. आमिषाला सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरावा. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. आणि तो लावताना झटका द्यायचा नाही, दोरी ताणत न्यायची. इथेच निम्मे लोक चुकतात. हलका रॉड घेऊन अर्धा तास झुंजवलेला मासा दमूनच मरतो, तेव्हा साधने माशाला साजेशी हवीत. जाळी रबरी, हात ओले, मासा आडवा. नुसत्या जबड्याच्या पकडीवर उभा टांगला की जबडा आणि मणका दोन्ही दुखावतात.

‘एलईडीवाले आणि पर्ससीनवाले समुद्र खरवडून नेतात आणि तुम्ही गळवाल्यांच्या मागे लागता,’ हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्य आहे. दिव्यांच्या उजेडाने मासे जमवणाऱ्या एलईडी मासेमारीवर नोव्हेंबर 2017 पासून बंदी असूनही तक्रारी थांबलेल्या नाहीत. पण त्या चोरीमुळे या एक टक्क्यातली सूट रास्त ठरत नाही. उलट हौशी मंडळी इथे उपयोगी पडू शकतात. कावेरीत त्यांनीच ठेवलेल्या नोंदींवरून कुबड्या महाशीरची घसरण पुढे आकड्यांत मांडता आली. इथेही प्रत्येक फेरीची जात, लांबी, खोली आणि सोडताना माशाची अवस्था एवढी नोंद होडीमालकाने ठेवली, तर मत्स्यव्यवसाय विभागाला फुकटात माहिती मिळेल.

हे सगळे हद्द दिसली तरच. वन विभागाने येत्या हंगामाआधी गाभ्याच्या कोपऱ्यांवर बोये टाकावेत आणि मालवण जेटीवर, देवबागच्या संगमावर अक्षांश-रेखांशासह मराठी फलक लावावेत. मोबाइलवर हद्द उघडणारी फाइल प्रत्येक परवानाधारक होडीमालकाला द्यावी. अजून तरी हद्द कुठे, हे प्रत्येकजण अंदाजाने सांगतो, आणि तो अंदाज गिऱ्हाईक बघून सरकतो.

आपला,
एक वाचक, मालवण