पाणी कुठे पाठवलंस?

अकोटा, बडोदे
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर दोनदा तुला सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा विषय पावसाकडे वळवला. खरं तर समोरासमोर बसून सांगायची गोष्ट, पण तू येईपर्यंत दम धरवत नाही. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच वहिनींना सांगायचं की नाही ते ठरव. मला ताप नाही, रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच चालू आहेत. आणि आईने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नंदू, पाणी माझं ऐकतं.

सव्वीस तारखेला गोकुळाष्टमी होती. सकाळपासून जो पाऊस लागला तो थांबेचना. बडोद्याचा पूर कसा येतो ते तुला सांगायला नको. नुसत्या शहरातल्या पावसाने आपण बुडत नाही. पावागढाकडचं पाणी आजवा आणि प्रतापपुरा या तलावांत भरतं, तिथून विश्वामित्रीत उतरतं, आणि आपल्याकडे ऊन पडलं तरी नदी चढतच राहते. मंगळवारी तसंच झालं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता, तेव्हाही आमच्या पायऱ्या कोरड्या होत्या. या वेळी काळाघोड्याच्या पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेल्याचं मोबाईलवर आलं आणि मग वीज गेली.

हिला जाऊन महिना झाला होता, मुलीच्या बाळंतपणाला, पुण्याला. घरात आई आणि मी. रात्री अकराच्या सुमाराला अंगणात पाणी शिरलं, आधी गटारातून उलटं, मग फाटकाखालून. मी गाद्या, धान्याचे डबे, बाबांची पोथ्यांची पेटी माळ्यावर टाकली. आईला पलंगावर बसवून पलंगाच्या पायांखाली विटा सारल्या. मग बॅटरी घेऊन पायरीवर येऊन बसलो. तीन पायऱ्यांपैकी दोन गेल्या होत्या. तुळशीची कुंडी आडवी होऊन तरंगत होती. पाण्याला वास होता, डिझेलचा आणि चिखलाचा. पलीकडे कुणीतरी "मगर, मगर" म्हणून ओरडत होतं. खरी होती की लाकूड होतं, देव जाणे. या पुरात अकोट्यातच एक मगर घराच्या छपरावर चढलेली लोकांनी पाहिली, तुलाही तो फोटो कुणी पाठवला असेल.

तिसऱ्या पायरीच्या कडेला पाणी लागलं तेव्हा मी पाण्यावर तळहात ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. लहान मूल अंगावर धावून आलं की आपण छातीवर हात ठेवून थांबवतो ना, तसा. तोंडाने फक्त "पुरे" म्हणालो.

पाणी थांबलं. हाताखाली ते घट्ट लागलं, मळलेल्या कणकेसारखं, आणि माझा हात पुढे गेला तसं मागे सरलं. दुसरी पायरी उघडी पडली, मग पहिली. पायरीवर गाळाची बोटभर रेघ होती आणि त्या गाळात एक गांडूळ वळवळत होतं. मी बॅटरी त्याच्यावर धरून किती वेळ बघत होतो कोण जाणे. अंगणातलं सगळं पाणी मागच्या भिंतीशी उभं राहिलं, पुरुषभर उंच, आणि मी हात जरा झटकला तसं भिंतीवरून पलीकडे गेलं. फाटकाबाहेर रस्त्यावरचं पाणी होतं तेवढंच होतं, पण फाटकाच्या रेघेवर ते उभं राहिलं होतं. मासळीघराच्या काचेमागे असतं तसं. पहाटे चारपर्यंत मी ते धरून ठेवलं.

रात्री मी आत जाऊन आईला सांगितलं, आई, पाणी गेलं. मला वाटलं ती हात जोडेल. ब्याऐंशी वर्षांची बाई, पुरात पलंगावर बसलेली. तिने पलंगावरूनच दारातून अंगण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"कुठे पाठवलंस?"

मला उत्तर देता आलं नाही.

सकाळी उत्तर मिळालं. आमच्या मागच्या भिंतीला लागून एक आंधळा बोळ आहे, तुझ्या वेळी नव्हता. तिथे तीन खोल्या. त्यातल्या एकीत आमचा इस्त्रीवाला राहतो, बायको आणि आठवीतली मुलगी. त्या लोकांनी संध्याकाळीच बोळाच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचल्या होत्या, फटींत जुनी पोती आणि माती कोंबली होती. तिघांनी चार तास खपून. आणि ते टिकलं होतं नंदू, रात्री अकरापर्यंत त्यांच्या खोलीत थेंब नव्हता. मग मागून, भिंतीवरून, एकदम पाणी आलं, आणि पुढे गोण्या असल्यामुळे त्याला बाहेर जायला वाट राहिली नाही.

तू इंजिनिअर, तुला आकडे लागतात. आमचं अंगण चाळीस फूट बाय तीस, पाणी दीड फूट. म्हणजे १८०० घनफूट, पन्नास हजार लिटर. त्यांचा बोळ आणि खोल्या धरून सहाशे चौरस फूट असतील. तीन फूट पाणी. भिंतीवर गाळाची रेघ मी स्वतः टेपने मोजली, एक इंचाचा फरक आला.

रात्रभर इस्त्रीवाला मुलीला इस्त्रीच्या टेबलावर उभं करून तिला धरून पाण्यात उभा होता. जीव कुणाचा गेला नाही. लोकांचे कपडे गेले, कोळशाचं पोतं गेलं, मुलीची पुस्तकं आणि शाळेचे दाखले गेले. तिने वह्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, शाई उतरून पानं निळी झाली होती. तो मला म्हणाला, "साहेब, पाणी आभाळातून नाही आलं, तुमच्या बाजूने आलं. तुमचं अंगण वाचलं ना? बरं झालं, माजींना त्रास नाही झाला." पुस्तकं मी आणून दिली, कपड्यांचे पैसेही सोसायटीतर्फे म्हणून दिले. खरं सांगितलं नाही. ते अजून तसंच राहिलं आहे आणि ते मला खातं.

पुढचं थोडक्यात. बादलीतलं पाणी चालतं, नळाचं चालतं, डोळ्यांना दिसेल तिथपर्यंतचं चालतं. भिंतीआडचं चालत नाही. पूर ओसरल्यावर एकदा पहाटे काळाघोड्याच्या पुलावर गेलो आणि नदीवर हात धरला. नदी थांबली. पुलाखालचं पात्र वीस-पंचवीस पावलं उघडं पडलं. प्लास्टिक, मूर्तींचे सांगाडे, एक सायकल, आणि काठाच्या चिखलात एक मोठी मगर. ती हलली नाही, तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत राहिली. पण वरच्या बाजूला, कमाटीबागेच्या अंगाला, पाणी चढायला लागलं ते मला ऐकू आलं. भरत आलेल्या हंड्याचा आवाज बदलतो तसा. मी हात सोडला. त्यानंतर नदीवर गेलेलो नाही.

तिथून बागेत जाऊन वडाखाली बसलो. तोच वड, जिथे २३ सप्टेंबर १९१७ ला बाबासाहेब बसले होते. आपण शाळेतून तिथे डबे खायला जायचो आणि आपल्याला कुणी हे सांगितलं नव्हतं, याचं मला आता फार वाईट वाटतं. त्या दिवशी सयाजीरावांची आठवण आली ती त्या झाडामुळेच. बाबासाहेबांसारख्या माणसाला शिष्यवृत्ती देऊन महाराजांनी अमेरिकेला पाठवलं, परत आल्यावर नोकरी दिली, आणि महाराजांच्याच राजधानीत त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी वीशीतूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. ज्या राजाने १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याचा हुकूम एका घराच्या दारापर्यंत पोचला नाही.

आणि मग त्याच राजाचं पोरपण आठवलं. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, तुझ्या नाशिक जिल्ह्यातला, बारा वर्षांचा. कशाला आलास विचारलं तर म्हणाला, राज्य करायला आलो, असं आपल्याला बाई सांगायच्या आणि आपण टाळ्या वाजवायचो. पण मे १८७५ ला दत्तक घेतलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्या हातात राज्य दिलं नाही. साडेसहा वर्षं शिक्षण चाललं, बहुतेक इलियट या इंग्रज शिक्षकाकडे. अक्षर ओळखण्यापासून. डिसेंबर १८८१ ला अधिकार मिळाले. आजव्याचं धरण त्यानंतर बांधलं, १८९२ ला पुरं झालं, आणि आपण अजून ते पाणी पितो. मला वाटतं, ती साडेसहा वर्षं नसती तर त्या मुलाने काय केलं असतं? माझ्या हातात एका रात्रीत आलं आणि मला शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्याच तासाला मी एका मुलीला टेबलावर उभं केलं.

म्हणून तुला लिहितो आहे. तू तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलीस. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं म्हणजे काय हे तुला माहीत आहे. एकदा तू मला रामकुंडावर नेलं होतंस आणि दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवून म्हणाला होतास, आम्ही तिकडे क्युसेकचा आकडा लिहितो आणि इकडे लोक बघतात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला. दार उघडण्याआधी खालच्या गावांना फोन, भोंगा, तहसीलदाराला निरोप, आणि मग थोडं थोडं सोडायचं. तेव्हा मला ती सरकारी पद्धत वाटली होती. आता कळतं, तू दर पावसाळ्यात आईचाच प्रश्न स्वतःला विचारत होतास, आणि उत्तर कागदावर लिहून खाली सही करत होतास.

मला तशी सही करणारा माणूस हवा आहे. मी हात उचलण्याआधी ज्याला विचारायचं आणि जो नाही म्हणू शकेल. आईला विचारलं असतं, पण ती माझ्यासाठी हो म्हणेल अशी मला भीती वाटते. आणि नंदू, तू मला लहानपणापासून ओळखतोस. सुरसागराच्या काठावर दुसऱ्याचा पतंग कापून मी खोटं बोललो होतो ते तू माझ्या तोंडावर सांगितलं होतंस. तसं सांगणारं आता माझ्या आजूबाजूला कुणी उरलेलं नाही.

घाई का, तर परवाची गोष्ट. गौरींबरोबर घरचा गणपती हलवला. शाडूची मूर्ती, घरीच बादलीत विसर्जन, गेली चार वर्षं तसंच करतो. आरती झाली, मूर्ती पाण्यात सोडली, आम्ही जेवायला बसलो. संध्याकाळी बघतो तर मूर्ती कोरडी. बादलीत पाणी काठोकाठ आणि मूर्तीभोवती चार बोटं मोकळी जागा. पाणी तिला शिवलंच नव्हतं. सोंडेवरचा शेंदूर तसाच, गळ्यातल्या दूर्वा तशाच. मी हात लावला नव्हता, काही म्हणालोही नव्हतो. विसर्जन करताना नेहमी होतं तसं पोटात जरासं तुटलं होतं, एवढंच. म्हणजे आता हुकमाचीही गरज उरलेली नाही, मला मनातून नको वाटलं तरी पाणी ऐकतं. तेव्हा मी झोपेत असेन, रागात असेन, हिला परत यायला उशीर होईल आणि रेल्वेवर पाऊस पडत असेल, तेव्हा काय?

आईने बादलीशी पाट मांडून मला बसवलं आणि म्हणाली, जाऊ दे त्याला. अर्धा तास लागला. मनातून खरंच सोडेपर्यंत पाणी हललं नाही. मग पायांपासून माती सुटायला लागली.

मराठवाड्याचं तू म्हणशील, कच्छचं म्हणशील, मीही रात्र रात्र तोच विचार करतो. या हाताने किती जणांची तहान भागेल. पण ते पाणी ज्यांच्या अंगणातून उचलायचं त्यांची नावं मला माहीत नाहीत. तुझ्याकडे नकाशे आहेत, कुठली नदी कुणाला लागते हे तुला तोंडपाठ आहे. शिकव मला. साडेसहा वर्षं लागली तरी चालतील, आपण दोघे निवृत्तच आहोत.

अनंत चतुर्दशी मंगळवारी आहे, त्या गर्दीत येऊ नकोस. बुधवारी रात्रीची बस धर, गुरुवारी सकाळी डेपोवर मी घ्यायला येतो. तुझी ती जुनी पावसाची वही आण, आणि मोजपट्टी. आईला तुझ्याकडची द्राक्षं हवी होती, पण या दिवसांत कुठली मिळायला, बेदाणे आण.

तू आलास की आधी आपण दोघे मागच्या बोळात जाऊ. इस्त्रीवाल्याला मला खरं सांगायचं आहे, आणि ते सांगताना तू बाजूला उभा असावास.

तुझा,
बाळ