संक्रांतीच्या वाणासाठी एक पुस्तिका : आर्थिक साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला वाचनालयाच्या एका सभासद लेखिकेने अंडाशयाच्या कर्करोगाच्या स्वतःच्या अनुभवावर बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली आहे. पोट फुगणे, दोन घासांतच पोट भरणे आणि वारंवार लघवीला लागणे या तक्रारींसाठी त्या आठ महिने पित्ताच्या गोळ्या घेत राहिल्या. सोनोग्राफी झाली तेव्हा आजार पसरलेला होता. उपचारांनंतर गेली तीन वर्षे त्या राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांतील वाड्यांवर जाऊन बायकांशी बोलत आहेत. डॉक्टरांसमोर उच्चारायला संकोच वाटतो ते ‘अंगावरून जाणे’, ‘पिशवीचे तोंड’ (गर्भाशयाचे मुख) हेच शब्द त्यांनी पुस्तिकेत ठेवले आहेत, आणि आम्हाला तेच योग्य वाटते.

पुस्तिकेत पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचाही उल्लेख आहे. हा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो. मुलींना ९ ते १४ या वयात लस देता येते, आणि तपासणीत तो कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेतही सापडतो. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो. धाराशिव जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या गटाची एचपीव्ही चाचणी केवळ एकदा झाली, त्या गटात या आजाराने होणारे मृत्यू नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. मात्र या चाचणीत अंडाशयाचा कर्करोग कळत नाही, आणि तिचा निकाल चांगला आला म्हणून पोटाची तक्रार अंगावर काढू नये, हे लेखिकेने आवर्जून लिहिले आहे. पाळी गेल्यानंतर एकदा जरी लाल दिसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, हेही त्यात आहे.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण म्हणून ही पुस्तिका द्यावी, असे आम्ही ठरवले आहे. पाळी गेल्यानंतरच्या या लक्षणाची माहिती ज्यांना सर्वाधिक हवी, त्या वयातील अनेक जणी विधवा असल्यामुळे हळदीकुंकवाला बोलावल्याच जात नाहीत. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या जिल्ह्यातील ही गोष्ट स्मरून प्रत्येक यजमानीणबाईंनी त्यांनाही सन्मानाने बोलवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

५,००० प्रतींसाठी प्रत्येकी २० रुपयांप्रमाणे १ लाख रुपये लागतील. सभासदांकडून ३८,००० रुपये जमले असून ६२,००० रुपये कमी पडत आहेत. एका प्रतीचे वीस रुपयेही आम्ही कृतज्ञतेने स्वीकारू. भिशी मंडळे आणि बचतगटांनी आपल्या गल्लीपुरत्या प्रतींचा भार उचलावा. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी गावात पुस्तिका वाचून दाखवण्यासाठी एक दुपार द्यावी, कारण वाचता न येणाऱ्या बायकांपर्यंत ती अन्यथा पोहोचणार नाही.

देणगी १५ डिसेंबरपर्यंत वाचनालयात सायंकाळी ५ ते ८ या वेळेत जमा करून पावती घ्यावी.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, महिला वाचनालय, कोल्हापूर