एक की नऊ

छत्रपती संभाजीनगर
दि. १८ मे

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही, याची लाज आहेच. पण आज लिहायला बसलो तो त्या लाजेपोटी नव्हे. प्रकृती बरी, रक्तदाब गोळीने ताब्यात, घरचे सारे ठीक. आता मुद्दा. माझ्या टेबलावर एक बोल्ट पडला आहे आणि त्याची मूळ लांबी ४०.६१ मिलिमीटर होती की ४०.६९, हे मला तीन दिवसांपासून ठरवता येत नाही. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला लिहिले असते, तर त्याने आधी तुझ्या वहिनीला फोन करून माझी चौकशी केली असती.

गंगापूरकडच्या एका ऊसवाल्याच्या मुलाची जिप्सी मार्चपासून माझ्याकडे आहे. इंजिन तेच आपले, १२९८ सीसीचे, ७४ बाय ७५.५ चे. महिनाअखेरीस मातीवरची शर्यत आहे आणि पोराला मिनिटाला साडेसात हजार फेरे हवेत. कॅम बदलला, हेड केले, आणि कनेक्टिंग, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉड, मात्र कंपनीचेच ठेवू या म्हणून त्याचे वडील अडून बसले, कारण बाहेरून मागवलेल्या चार रॉडांच्या पैशांत त्यांच्या मते एक चांगली म्हैस येते. मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून साडेचारशे ग्रॅम धरले, तर सहा हजार फेऱ्यांना ते वजन वरच्या टोकाला पोहोचून उलटे फिरताना रॉडला सुमारे नऊशे किलोने खेचते आणि साडेसात हजारांना तोच आकडा चौदाशे किलोंवर जातो, कारण फेरे सव्वापट झाले तरी ओढ सव्वाच्या वर्गाने वाढते. शिवाय धूर बाहेर टाकणाऱ्या फेरीच्या शेवटी पिस्टनला वरून दाबून धरायला वायूही नसतो. सगळी ओढ रॉडवर आणि रॉडखालच्या दोन बोल्टांवर येते. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी म्हैस त्या दोन बोल्टांवर उभी आहे." इतके नेमके आपल्याला आयटीआयमध्येही कुणी सांगितले नव्हते.

रॉड आले ते सुंदर आहेत, बापू. एच आकाराचे, ४३४० पोलादाचे, म्हणजे आपण ज्याला ईएन २४ म्हणतो त्याच जातीचे, छोट्या टोकाला काशाचे बुश बसवलेले. चिकलठाण्याच्या सोनाराकडे जाऊन तोलले तर चारही एका ग्रॅमच्या आत. जुन्या चारांत सात ग्रॅमचा फरक निघाला. सोनाराला आधी वाटले मी मोडीत घालायला आलो आहे. परंतु वस्तू चांगली आहे म्हणून ती आपोआप बसते असे नाही, हे तुला सांगायला नको. पेटीतून काढून सरळ कसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची इंजिने पुन्हा उतरवलीही आहेत. मी रॉडच्या खालच्या टोकाची प्रत्येक टोपी तिच्याच रॉडवर, क्रमांक एका बाजूला ठेवून, बेअरिंग घालून, ऑइल लावून, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् वाजणाऱ्या पान्याने, कसली आणि आतला व्यास बोअर गेजने मोजला. क्रँकची पिन ४२ मिलिमीटरची. इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, या उस्तादांच्या हिशेबाने बेचाळीस मायक्रॉन जागा हवी, आणि मला चारही ठिकाणी चाळीस ते सेहेचाळीसच्या आत मिळाली. नंतर क्रँक हाताने फिरवून पाहिली, तर दोन नंबरच्या रॉडच्या बोल्टाचे डोके ब्लॉकच्या खालच्या कडेला जवळजवळ चाटून जात होते. हे रॉड खांद्याला रुंद असतात. तिथे ग्राइंडरने कड उतरवून दीड मिलिमीटर मोकळी केली, ब्लॉक पुन्हा दोनदा धुतला. इथपर्यंत तू माझ्या पाठीवर थाप मारली असतीस.

आता पुढचे ऐक. बोल्टांसोबत आलेल्या चिठ्ठीवर टॉर्कचे दोन आकडे होते: साधे ऑइल लावले तर मोठा, डबीतला काळा मलम लावला तर लहान. त्याखाली लिहिले होते की खरे माप टॉर्क नव्हेच. बोल्ट किती ताणला ते मोजा, ०.१४ मिलिमीटर. हे बरोबरच आहे, कारण पान्यावर आपण जी ताकद लावतो तिच्यातली शंभरातली नव्वद डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जिरते आणि जेमतेम दहा बोल्टाला ताणते; घर्षण थोडे कमी झाले की तोच टॉर्क बोल्टाला भलताच लांब ओढतो. म्हणून मी कसण्याआधी आठही बोल्ट मायक्रोमीटरने मोजले, आणि मी आकडे ओरडत होतो ते भाच्याने वहीत लिहिले. शेजारच्या शेडमध्ये त्या वेळी ग्राइंडर चालू होता. आठही लांब्या ४०.६० ते ४०.७० च्या दरम्यान होत्या, एवढे मला नक्की आठवते, पण कोणता बोल्ट किती, हे वहीच जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची कसणी सुरू केली. मलम लावला, ताण मोजणारा डायल बसवला, एक आणि दोन नंबरच्या रॉडचे चारही बोल्ट डायलवर बघून ०.१४ ला आणले. टॉर्क पाना चाचणीच्या वेळच्या मोठ्या आकड्यावरच राहिला होता, कारण निर्णय डायल देत होता, पान्याकडे कोण बघतो. तीन नंबरचा पहिला बोल्ट हाती घेतला आणि लाइट गेली. उकाडा असा की कपाळावरचा घाम ब्लॉकमध्ये टपकेल. भाचा म्हणाला, "मामा, थांबू या." मी थांबलो नाही. बॅटरीच्या उजेडात डायल दिसेना, तेव्हा मी, जो गेली पंचवीस वर्षे पोरांना "अंदाजाने कसाल तर हात मोडीन" म्हणत आलो, त्या मी पाना लावला आणि टक् वाजेपर्यंत ओढला. मलम लावलेल्या बोल्टावर ऑइलचा आकडा. टक् वाजला त्या क्षणीच पोटात कालवले, कारण ओढ शेवटी शेवटी जड होण्याऐवजी मऊ लागली होती, बोल्ट कायमचा लांबायला लागला की लागते तशी. की आता मला तसे वाटते? तुला तो मऊपणा ठाऊक आहे. भाच्याला सांगून कळत नाही.

लाइट आल्यावर मोजला: ४०.८८. सैल केला: ४०.६९. म्हणजे सुटल्यावर ०.१९ परत आला. आता वही बघ. वहीत तीन नंबरच्या पहिल्या बोल्टासमोर चाळीस पॉइंट सहा लिहून पुढे एक आकडा आहे, ज्याचे वरचे वेटोळे ९ चे आहे आणि खालचे शेपूट १ चे, आणि मधोमध ग्रीसचा अंगठा उमटला आहे. तो ९ असेल तर बोल्ट ताणला, पण आपल्या मूळ लांबीवर परत आला, हरकत नाही. तो १ असेल तर बोल्ट कायमचा मिलिमीटरच्या आठ शतांशाने लांब झाला, आणि एक थाऊ, म्हणजे अडीच शतांश वाढला तरी बोल्ट फेकायचा असतो, हे तुला माहीत आहे. मधल्या दांड्याचा व्यास इतर सातांशी ताडून पाहिला. एका शतांशाचा फरक आहे, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. भिंग लावले, कागद उन्हात धरला, कपाटातली जुनी पावतीपुस्तके काढून भाच्याचे सगळे एक आणि नऊ तपासले. तो दोन्ही दोन्ही तऱ्हांनी लिहितो.

भिंग हातात होतेच, म्हणून आणखी एक गोष्ट केली, आणि खरे तर पत्र तिच्यासाठी आहे. १९९९ साली औट्रम घाटात त्या एस्टीम गाडीचा रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली, त्या रॉडचा अर्धा तुकडा आणि तुटका बोल्ट माझ्या टेबलावर कागद दाबायला असतो. तू तेव्हा म्हणालास की मी जुने बोल्ट दुसऱ्यांदा वापरले म्हणून गेला. मी म्हणालो की तू ऑइलची पातळी बघितली नाहीस म्हणून गेला. आणि चाळीसगावपर्यंत ट्रकच्या केबिनमध्ये आपण एकमेकांशी बोललो नाही, पुढे आठ महिनेही नाही. काल रात्री तो बोल्ट रॉकेलने धुतला आणि बघितला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत आहे, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा आहेत, आणि उरलेला अर्धा दाणेदार. तो एका झटक्यात तुटलेला नाही. तडा कित्येक दिवस सरकत होता आणि घाटात फक्त उरलेला अर्धा गेला. ऑइल कमी पडले असते तर बेअरिंग काळेनिळे होऊन वितळले असते, आणि त्याचा तुकडा मी डबीत ठेवला आहे, तो आजही पांढरा आहे. बोल्टच होता, बापू. हा तुकडा इतकी वर्षे माझ्या कोपराशी होता आणि मी त्यावर विजेची बिले दाबत होतो. ऑइलची पातळी तू बघितली नव्हतीस, हे मात्र मी अजूनही म्हणेन.

तुझ्या धाकटीला नांदेडला प्रवेश मिळाला हे तुझ्या पत्रात वाचले, अभिनंदन. हॉस्टेलच्या जेवणाचे तिला जमेल, आपल्याला जमले होते. चाकणची पाळी बदलली का? वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले ते लिही.

मी ठरवून टाकले आहे की हा बोल्ट बसणार नाही. तो ९ असला तरी नाही, कारण मला तो ९ हवा आहे आणि म्हणून मला तो ९ दिसतो. पण नवे बोल्ट मागवले तर तीन आठवडे लागतात, आणि शर्यत तेरा दिवसांवर आहे. उद्या गंगापूरला जाऊन काकांना सांगायचे आहे की उशीर माझ्या हाताने झाला. भाच्याच्या अक्षराने नव्हे, लाइटीनेही नव्हे. हे वाक्य मी आज दिवसभर दुकानात मनातल्या मनात घोकत आहे आणि प्रत्येक वेळी त्यात लाइट येतेच.

तुझ्याकडे एक काम आहे. पुण्यात शर्यतीची इंजिने बांधणारे तुझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे याच मापाचे, याच बनावटीचे दोन बोल्ट शिल्लक असतील तर ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठव, पैसे लगेच देतो. रॉडच्या पेटीवरचा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. एक नको, दोन पाठव. एका रॉडला एक जुना आणि एक नवा मी लावणार नाही. नवे आले की तीन नंबरचे बेअरिंग काढून आतला व्यास पुन्हा मोजेन, त्याची काळजी करू नकोस. वहीचे पान सोबत जोडले आहे, तेही बघ. मला माहीत आहे, तू बघितल्याशिवाय राहणार नाहीस.

तुझा,
अण्णा

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी भाच्याला कोऱ्या कागदावर चाळीस पॉइंट एकोणसत्तर लिहायला सांगितले. त्याने बराच विचार केला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि इंग्रजी आकड्यांत लिहिले.