तक्रार पत्र : गेटचे खांब बदलताना पेव्हर ब्लॉकच्या अंगणाचे केलेले नुकसान

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रत्नागिरी येथील आमच्या घराच्या गेटचे व कुंपणाचे खांब बदलण्याच्या निकृष्ट कामाबाबत.

महोदय,

मे महिन्यात तुमच्या कंपनीने आमच्या गेटचे दोन आणि गाडीच्या वाटेच्या कडेने असलेल्या कुंपणाचे सहा खांब बदलून दिले. कामाबद्दलची तक्रार मी आधी तुमच्या सुपरवायझरांना सांगितली, मग कोल्हापूरच्या ऑफिसात फोन केला. दोन्हीकडे उत्तर एकच : "मॅडम, खांब आमचे. ब्लॉक आमच्या कामात येत नाहीत."

येतात. तुमच्याच कोटेशनमध्ये लिहिले आहे : "जुने खांब काढणे, पेव्हर ब्लॉक उचलून बाजूला ठेवणे, नवीन खांब काँक्रीटमध्ये उभे करणे व ब्लॉक पूर्ववत बसवून देणे." या ओळीपुढे वेगळी रक्कम लावलेली आहे आणि ती आम्ही भरलेली आहे.

पेव्हर ब्लॉक सिमेंटने चिकटवलेले नसतात. खाली कचेचा (दगडाच्या बारीक चुऱ्याचा) थर, सांध्यांत बारीक रेती आणि कडेला काँक्रीटची पट्टी, एवढ्यावर ते एकमेकांना धरून असतात. म्हणूनच पहिला ब्लॉक सावकाश सोडवला की पुढचे हातानेही निघतात आणि तेच परत बसवता येतात. तुमच्या माणसांनी थेट ब्रेकर लावला. खांबाभोवतीचे धडधाकट ब्लॉक कोपरे उडून डेब्रिजच्या ढिगात गेले. त्याच लॉटचे उरलेले ब्लॉक आमच्या विहिरीमागे रचलेले आहेत, ते काम सुरू होण्याआधी दाखवलेही होते. तरी टेम्पोतून आणलेलेच वापरले गेले. त्यांचा आकार आमच्यासारखाच झिगझॅग आहे, पण जाडी ५० मिमी. आमचे ब्लॉक ६० मिमीचे आहेत. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात (आयएस १५६५८) ५० मिमीचा ब्लॉक जिथे वाहन जात नाही अशा जागेसाठी आणि ६० मिमीचा हलक्या वाहनांसाठी सांगितला आहे. तुमच्या माणसांनी ५० मिमीचे ब्लॉक बसवले कुठे, तर गेटच्या तोंडाशी, जिथे गाडीचे चाक वळते. मधला १० मिमीचा फरक खाली जास्तीची कच ढकलून भरला. पहिल्या मोठ्या पावसात ती दबली आणि आता तिथे खळगा आहे. रंग जुळत नाही याबद्दल मी काहीच म्हणत नाही, तो उन्हापावसाने जुळेल कधीतरी.

खांबांचे काँक्रीट तर याहून वाईट आहे. ते ब्लॉकच्या तळाच्याही खाली थांबवायला हवे होते, म्हणजे त्यावर कच पसरून कापलेला ब्लॉक खांबाला भिडवून बसवता येतो. इथे ते अंगणाच्या पातळीपर्यंत भरले आहे आणि खांबाच्या चारी बाजूंना ओबडधोबड पसरले आहे. ब्लॉक कापायला कटर आणलाच नव्हता, त्यामुळे उरलेली फट सिमेंट-रेतीने लिंपली. त्या लिंपणाला तडे गेले आहेत. शिवाय काँक्रीटवर टेकलेले ब्लॉक आहेत तिथेच राहिले आणि कचेवरचे खाली बसले, त्यामुळे मधे बोटभर उंचीची धार तयार झाली आहे. माझ्या सासूबाई काठी घेऊन चालतात. त्यांची काठी या धारेला अडकते. पडल्या नाहीत हे आमचे नशीब, तुमची कारागिरी नव्हे.

लिंपण मधे खोलगट असल्यामुळे पाणी नेमके खांबाच्या पायाशी साचते. लोखंडी खांब जमिनीलगतच सगळ्यात आधी कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आमचे जुने खांब तिथेच कुजले होते, म्हणून तर तुम्हाला बोलावले. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या घरावर खारा वारा थेट येतो. याच कारणासाठी आम्ही जास्त पैसे मोजून हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेले खांब मागितले. या पद्धतीत अख्खा खांब वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे जस्ताचा थर पोकळ खांबाच्या आतल्या बाजूलाही चढतो. तुम्ही दिलेल्या खांबांना वर टोपण नाही, तेव्हा टॉर्च लावून आत पाहणे सोपे गेले. आत गंज आहे. बाहेरचा चंदेरी रंग नखाने खरवडला की खाली रेड ऑक्साइड, म्हणजे साध्या लोखंडाला लावतात तो लाल रंग, दिसतो. फोटो सोबत आहेत. हे खांब गॅल्व्हनाइझ केलेले असल्याचे तुमचे म्हणणे असेल, तर ज्या कारखान्यात ते केले तिथले प्रमाणपत्र पाठवावे.

आता गेट. काँक्रीट संध्याकाळी ओतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर दोन्ही झडपा टांगल्या. काँक्रीटच्या मानकात (आयएस ४५६) साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवायला सांगितले आहे. इथे एका रात्रीत त्यावर लोखंडी गेट! खांब आतल्या बाजूला कलले, झडपा मध्यभागी एकमेकींवर चढतात, खालची कडी भोकात उतरत नाही आणि गेट उघडताना ब्लॉकवर अर्धगोल ओरखडे पडतात. यावर सुपरवायझरांनी सुचवलेला उपाय असा, की झडपांचा खालचा भाग ग्राइंडरने कापून टाकू. खांब कलला म्हणून गेट कापायचे, हे मला मान्य नाही.

कुंपणाच्या खांबांसाठी कडेची काँक्रीटची पट्टी सहा ठिकाणी फोडली आणि तशीच सोडली. पट्टी तुटली की ब्लॉकना बाहेरून आधार राहत नाही. ते बागेकडे सरकू लागले आहेत आणि सांध्यांतली रेती वाहून गेली आहे.

माझी मागणी अशी. वाटेतली धार समतल करणे आणि आठही खांबांना टोपणे बसवणे ही दोन कामे लगेच व्हावीत, त्यांना पाऊस थांबायची गरज नाही. पाऊस संपल्यावर गेटचे दोन्ही खांब काँक्रीटसकट काढून ठरलेल्या प्रतीचे नवीन खांब ओळंब्यात उभे करावेत, काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत त्यांना टेके द्यावेत आणि मगच गेट टांगावे. ब्लॉक आमच्याकडचेच वापरावेत, कटरने कापावेत, कडेची पट्टी पुन्हा ओतावी आणि सांधे रेतीने भरून प्लेट कॉम्पॅक्टर (ब्लॉक दाबून बसवायचे यंत्र) फिरवावा. कुंपणाचे खांब सरळ आहेत. तेही गॅल्व्हनाइझ केलेले नसतील तर दरातला फरक परत करावा, ते उपटायचा माझा आग्रह नाही. या कामासाठी वेगळे पैसे दिले जाणार नाहीत, आणि रोखून ठेवलेली शेवटची रक्कम काम पूर्ण झाल्यावरच मिळेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच ही तक्रार करता येते, म्हणजे मला कोल्हापूर गाठावे लागणार नाही, तुम्हाला मात्र रत्नागिरीला यावे लागेल. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्कही नाही.

पाहणीसाठी माणूस पाठवताना आदल्या दिवशी फोन करावा, आणि तो ओळंबा व मोजपट्टी घेऊन यावा. मागच्या वेळी आलेल्या गृहस्थांनी खांब नुसत्या नजरेने पाहून "सरळ आहे" असे सांगितले होते.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)

सोबत : कोटेशनची प्रत, भरलेल्या रकमेच्या पावत्या, दोन्ही जाडीच्या ब्लॉकचे मोजपट्टी लावून काढलेले फोटो, खांबांच्या आतले फोटो.