सूचना : रविवारच्या बैठकीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी होणाऱ्या बैठकीत चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (1904–1980) यांच्या दृष्टी गेल्यानंतरच्या कामावर चर्चा होईल. 1956–57 च्या सुमारास मोतीबिंदूच्या अयशस्वी शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली; तरीही स्मृती आणि स्पर्श यांच्या आधाराने त्यांनी रंगीत कागद कापून चिकटचित्रे केली आणि 1972 मध्ये शांतिनिकेतनातील कलाभवन या कलाशिक्षणसंस्थेत चिनी मातीच्या फरश्यांचे भित्तिचित्र साकारले. हे काम कौतुकमिश्रित दयेने नव्हे, तर चित्र म्हणूनच पाहावे, ही विनंती. येताना रंगीत कागद, कात्री व डिंक आणावा. दृष्टी गमावलेल्या एखाद्या परिचिताला पूर्वी पाहिलेले काय आठवते, हे त्यांच्या परवानगीनेच लिहून आणावे. त्यावरून चित्रे करू.

– कार्यवाह