सोनारच्या सरावाला हद्द हवी

महोदय,
सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोचा नौदल सराव सुरू झाला, त्यात सोनार (पाण्यात मोठा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारे यंत्र) वापरले गेले आणि चोचीचे देवमासे किनाऱ्याला लागून मेले. शवविच्छेदनात अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले; खोलातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्या माणसाला होतो तसा हा आजार. स्पेनने २००४ मध्ये या बेटांभोवती ५० सागरी मैलांत सोनारला बंदी केली. पुढच्या दशकात तिथे असे सामूहिक मृत्यू झाले नाहीत. अमेरिकेत मात्र २००८ मध्ये सोनार सरावावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा कौल नौदलाकडे गेला. शत्रूची पाणबुडी शोधण्याचा सराव हवाच. पण परवाना देतानाच देवमाशांचा अधिवास वगळायला हवा. तासभर बुडी मारणारा प्राणी देवमाशांवर लक्ष ठेवायला जहाजावर नेमलेल्या टेहळ्याला दुर्बिणीतून दिसणार तरी कसा?
— एक वाचक, रत्नागिरी