शेपटाकडेही बघा

मा. संपादक,

इंजिनीअरिंगची पोरं वेगाच्या शर्यतीची गाडी बांधताहेत, ही बातमी वाचून आनंद झाला. फोटोत गाडीचं नाक सुईसारखं आहे, मागची बाजू मात्र सपाट. सगळी हौस नाकावरच!

मी धुळ्यात ट्रकच्या बॉड्या बांधतो. हायवेला आमचा सपाट मागचा फाळका धुळीने कसा माखतो, ते बघा. तिथे दोन्ही बाजूंची हवा नीट जुळत नाही, भोवरे होतात, हवेचा दाब कमी होतो आणि गाडी मागे ओढली जाते. नाक गोल चालेल, शेपूट लांब निमुळतं हवं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यावर मात करायला ताकद आठपट लागते. १९६५ साली अमेरिकेच्या समर्स बंधूंनी ‘गोल्डनरॉड’ या वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या गाडीत चार इंजिनं एकामागे एक बसवली, ती समोरचं क्षेत्रफळ कमी ठेवायलाच. तिकडच्या बोनेव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर ती ताशी ६५८ किलोमीटरने धावली.

शेपटासाठी नवा पत्रा कापण्याआधी आहे त्या बॉडीवर लोकरीच्या धाग्याचे तुकडे एका टोकाने चिकटवा, गाडी पळवा आणि बाजूने व्हिडिओ काढा. धागे फडफडले, तिथे हवा बॉडीपासून सुटली समजा. चाचणी मात्र बंद मैदानावरच. सुरत हायवेवर नको रे बाबांनो.

— एक बॉडी बिल्डर (गाड्यांचा!), अवधान, धुळे